काम काय करता जी?

आमच्या वॉर्डातला कुठलाही केसपेपर उघडा. विड्या किती, कधीपासून, दिवसाला किती बंडलं, सोडल्या असतील तर केव्हा, हे सगळं विद्यार्थ्यांनी नीट लिहिलेलं असतं. दारूचंही तसंच. घरात कोणाला टीबी, कोणाला शुगर, कोणाला बीपी. आणि व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द, मजुरी. नाहीतर लेबर. बाई असेल तर हाऊसवाइफ, म्हातारं माणूस असेल तर 'काही नाही'. ज्या कामात माणसाची तीस-चाळीस वर्षं गेली, दिवसाचे आठ-दहा तास गेले, त्याची नोंद एवढीच.

मी नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विषय, शिकवते. मुलं त्याला अजूनही पीएसएमच (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. व्यावसायिक आरोग्य हा आमच्या विषयातला एक लहानसा भाग. २०१९ पासून एमबीबीएसचा जो अभ्यासक्रम लागू झाला, त्यात सीएम ११ या क्रमांकाखाली तो येतो. शेतीसकट कामामुळे होणारे आजार कसे दिसतात, ईएसआय ही कामगार विम्याची योजना, वेगवेगळ्या कामांतले धोके आणि त्यांचा प्रतिबंध, अर्गोनॉमिक्स म्हणजे काम शरीराला सोसेल असं बसवण्याचं शास्त्र, आणि खुद्द आरोग्य कर्मचाऱ्यांना होणारे आजार. कागदावर यादी चांगली आहे. पण ती चार-पाच लेक्चरांत उरकली जाते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होते. विवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मुलं धडाधड सांगतात. बगॅसोसिस हा फुप्फुसाचा आजार उसाच्या चिपाडापासून होतो, जंतूचं नाव थर्मोॲक्टिनोमायसीस सॅकॅरी, प्रतिबंधाला २ टक्के प्रोपिओनिक ॲसिड. ईएसआयमध्ये कामगाराचा हिस्सा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५. सगळं बरोबर. त्याच मुलांना दुपारी वॉर्डात नेलं की समोरच्या माणसाला ते काम विचारतात, उत्तर येतं 'मजुरी', आणि पेन पुढच्या रकान्यावर जातं.

इतकी वर्षं शिकवल्यावर माझं मत पक्कं झालंय. आजारांची यादी पुस्तकात आहे आणि ती कधीही वाचता येईल. मला वर्गात आणि वॉर्डात एकच गोष्ट मुलांच्या हाडात मुरवायची असते. समोरचा माणूस दिवसभर हातांनी नेमकं काय करतो, हे डोळ्यांपुढे उभं राहीपर्यंत विचारत राहायचं.

पहिल्या लेक्चरला मी रामाझिनीची गोष्ट सांगते. बर्नार्दिनो रामाझिनी, इटलीतल्या मोडेना शहरातला डॉक्टर. त्याच्या घराचा शौचकूप साफ करायला एक माणूस आला होता आणि तो विलक्षण घाईनं काम करत होता. रामाझिनीनं कारण विचारलं. तो माणूस म्हणाला, फार वेळ आत राहिलं तर डोळे जातात. मग रामाझिनीनं त्याचे डोळे नीट पाहिले, तसलंच काम करणाऱ्या इतरांचे पाहिले, आणि तिथून पुढे तो कुंभार, सोनार, खाणकामगार, आरसे बनवणारे, धोबी, दाई, लेखनिक अशा सगळ्यांच्या कामाच्या जागी जाऊन पाहत राहिला. १७०० साली त्याचा ग्रंथ छापून आला. हिपॉक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्यानं रुग्णाला विचारायला सांगितलेल्या प्रश्नांत त्यानं एका प्रश्नाची भर घातली, तुझा धंदा कोणता? सव्वातीनशे वर्षं झाली. गटार साफ करायला चेंबरमध्ये माणसं आजही उतरतात, आणि हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा असूनही मरतात.

या गटारातल्या वायूवर मी थोडं थांबते, कारण इंटर्न झाल्यावर कॅज्युअल्टीत या मुलांना ते लागणार असतं. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वायूचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. आतल्या माणसाला वाटतं, वास गेला म्हणजे हवा सुधारली. तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पेपरात 'एकाला वाचवायला गेलेले दोघेही' अशी बातमी येते त्यामागे हे शरीरशास्त्र आहे. मुलांनी ते समजून घ्यावं आणि स्वतः कधी अशा ठिकाणी असतील तर दुसऱ्या माणसाचा दंड धरून त्याला थांबवावं, एवढी माझी अपेक्षा असते.

आता त्या काकांबद्दल. काही वर्षांपूर्वी मेडिसिनच्या वॉर्डात थर्ड इयरच्या मुलांची पोस्टिंग होती. पन्नाशीचे गृहस्थ, दिसायला सत्तरीचे. धाप, कोरडा खोकला, वजन उतरलेलं. एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, दोनदा पूर्ण झालेला, थुंकी दर वेळी निगेटिव्ह. एक्स-रेच्या पाकिटावर कोणीतरी 'ओल्ड कॉक्स', म्हणजे जुना टीबी, असं लिहिलेलं होतं आणि ते वाचूनच प्रत्येक जण पुढे गेला होता. माझ्यासोबत पुण्याकडची एक विद्यार्थिनी होती. हुशार, पण इकडची बोली तिला नवी.

"काका, काम काय करता?"

"मजुरी जी."

ती लिहायला लागली. मी म्हटलं, थांब. कशाची मजुरी ते विचार.

"कंपनीत होतो न."

"कंपनीत काय करत होतात?"

"साफसफाई."

ती 'स्वीपर' लिहिणार होती. मग मी बेडच्या कडेला बसले आणि विचारलं, "काका, सकाळी आत गेल्यावर पयले काय हाती घ्यायचे?"

तेव्हा काकांचे हात बोलायला लागले. "साचा फोडाचा. रेती झटकाची. मंग मालावर ग्रँडर माराचा, माल साफ करून द्याचा."

"तोंडाला काही बांधत होते का?"

"दुपट्टा बांधो न. पण धूळ तं एवढी राहे, समोरचा माणूस नाही दिसे."

"किती वर्षं केलं?"

"पोरगी झाली तवापासून. आता तिची पोरगी शाळेत जाते."

"सोबतचे लोक कसे आहेत?"

"दोघं गेले. टीबीनंच गेले म्हणते."

फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. ओतलेला माल साच्यातून काढून त्याला चिकटलेली रेती झटकणं आणि खरखरीत कडा घासून काढणं, याला तिथे साफसफाई म्हणतात. साच्याची रेती म्हणजे जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ, त्यावर ग्राइंडर चालवला की त्याचं पीठ होतं. आम्ही एक्स-रे पुन्हा खिडकीशी धरला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गोल गाठी, आणि फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींना कॅल्शियमची पातळ कड, अंड्याच्या टरफलासारखी. पुस्तकात जसं चित्र असतं तसंच. हा एक्स-रे त्याआधी किती डॉक्टरांच्या हातून गेला असेल ते मी मोजलं नाही. दिसत सगळ्यांना होतं, फक्त 'साफसफाई' म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं.

हा सिलिकोसिस, म्हणजे क्वार्ट्झच्या, अर्थात सिलिकाच्या, धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. त्यावर औषध नाही. हे ऐकल्यावर मुलं विचारतात, मग निदान करून फायदा काय? हा प्रश्न मला आवडतो आणि मी त्यावर पूर्ण तास घालवते. फायदा असा की नको ती गोळी बंद होते. सिलिका फुप्फुसात असली की टीबीचा धोका खरोखरच वाढतो, त्यामुळे अशा माणसाची थुंकी पुन्हा पुन्हा, नीट तपासावी लागते. 'ओल्ड कॉक्स' लिहिलं की तीही तपासणी थांबते. फायदा असा की त्याच्या शेजारी उभा राहून तेच काम करणारा पंचवीस वर्षांचा पोरगा अजून वाचू शकतो. आणि फायदा असा की कायद्यात या आजाराला नाव आहे.

मुलांना सगळ्यात जास्त धक्का बसतो तो इथे. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला तिसऱ्या अनुसूचीतला, म्हणजे कळवायच्या आजारांच्या यादीतला, आजार आहे असं वाटलं, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं कारखाने मुख्य निरीक्षकाला लेखी कळवायचं, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम ८९ सांगत होतं. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला, पण तिसरी अनुसूची आणि तिच्यातले २९ आजार तिथेही आहेत. ही जबाबदारी कंपनीच्या डॉक्टरपुरती नाही. चौकातल्या दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरवरही ती आहे. डेंग्यू कळवायचा असतो, टीबी कळवायचा असतो हे मुलांना माहीत असतं. सिलिकोसिसही कळवायचा असतो हे त्यांच्या वरिष्ठांपैकी बहुतेकांना कोणी शिकवलेलंच नसतं.

त्याच दिवशी एका मुलानं विचारलं, "मॅडम, आपण कळवलं आणि याची नोकरी गेली तर?"

यावर सरळ उत्तर नाही आणि असल्याचा आव मी आणत नाही. काकांचं काम आधीच सुटलं होतं, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा प्रश्न उरला नव्हता. पण जो अजून रोज कामाला जातो, घरी खाणारी पाच तोंडं आहेत, आणि आपल्या एका कागदामुळे ठेकेदार त्याला उद्यापासून येऊ नको म्हणेल, त्याचं काय? मी मुलांना सांगते की कळवणं ही कायद्यानं लादलेली जबाबदारी आहे, ती टाळता येत नाही. पण कळवण्याच्या आधी रुग्णाशी बसून बोलणं ही आपली जबाबदारी आहे. कागद कुठे जाणार, कोण येऊ शकतं, तुमचे हक्क काय, ईएसआयचं कार्ड आहे का, पगाराची स्लिप, गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, काहीही पुरावा असेल तर तो आजच घरी सांभाळून ठेवा. हे सगळं त्याला त्याच्या भाषेत सांगायला अर्धा तास लागतो. ओपीडीत तो अर्धा तास नसतो. तरी काढावा लागतो.

काकांकडे कार्ड नव्हतं. ते ठेकेदाराचे माणूस, कंपनीच्या हजेरीवर त्यांचं नाव कधी चढलंच नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यात त्यांच्या आजाराला जागा होती, पण त्यांनी तिथे काम केलं हे सिद्ध करायला सोबतच्या दोघा-तिघांचे जबाब सोडून काही नव्हतं, आणि त्यातले दोघे आधीच गेलेले. आम्ही निरीक्षकांना कळवलं. भरपाई मिळाली नाही. त्या बॅचची मुलं मात्र नंतर ओपीडीत भेटली की आपणहून सांगायची, मॅडम, आज एक टाइल्स कापणारा आला होता, एक सँडब्लास्टिंगवाला आला होता.

सँडब्लास्टिंगचं ऐकून मला अजूनही राग येतो. ब्रिटननं ओतकामाच्या मालावर वाळू मारून तो साफ करायला १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. वाळूऐवजी दुसरं काही वापरता येतं हे तेव्हापासून जगाला ठाऊक आहे. म्हणून प्रतिबंध शिकवताना मी मुलांना आधी 'मास्क' म्हणू देत नाही. विवाला प्रतिबंध विचारला की दहातल्या नऊ जणांच्या तोंडून पहिला शब्द मास्कच येतो. मी म्हणते, मास्क शेवटी. आधी सांगा की वाळू बदलता येईल का, धूळ उडतेय तिथेच पाणी मारता येईल का, ती तिथेच ओढून घेणारा पंखा लावता येईल का, यंत्राला झाकण घालता येईल का. काकांनी वर्षानुवर्षं दुपट्टा बांधला होता. जी धूळ डोळ्यांना दिसते ती बरीचशी नाकात-घशात अडकते. ५ मायक्रॉनहून बारीक कण वायुकोशापर्यंत पोचतात, ते दिसत नाहीत आणि दुपट्ट्यातून आरपार जातात.

इथे एक बाजूची गोष्ट सांगते, कारण हुशार मुलं यात हमखास फसतात. दगडाचं काम म्हटलं की ती सिलिकोसिस म्हणून मोकळी होतात. पण दगड कोणता? नागपूरच्या पश्चिमेला आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे, त्यात मुक्त क्वार्ट्झ फार कमी. तिथल्या गिट्टी क्रशरवरच्या धुळीनं खोकला होईल, दमा वाढेल, पण क्वार्ट्झ दळणाऱ्या किंवा ग्रॅनाइट कापणाऱ्या माणसाचा धोका वेगळा. म्हणून दगडाचा रंग विचारा, खदान कुठली ते विचारा. भूगर्भशास्त्र आपल्याला कशाला, असं मुलांना वाटतं. रामटेकला जाताना मनसरवरून गेलात ना, मग तिथे जमिनीतून काय काढतात ते तरी माहीत हवं. मँगनीज. देशातल्या मोठ्या मँगनीज कंपनीचं मुख्यालय याच शहरात आहे. मँगनीजची धूळ किंवा धूर वर्षानुवर्षं शरीरात गेला तर मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडसवर परिणाम होतो. सुरुवातीला माणूस चिडका होतो, उगाच हसतो-रडतो, घरच्यांना वाटतं डोकं फिरलं. मग चाल बदलते, तो चवड्यांवर कोंबड्यासारखा चालायला लागतो, चेहरा थिजतो. स्कॉटलंडमधल्या कूपर नावाच्या डॉक्टरनं १८३७ सालीच मँगनीजच्या या आजाराची नोंद करून ठेवली. खाणीत आज कोणाला हे झालंय असं माझं म्हणणं नाही. पण न्यूरोलॉजीच्या ओपीडीत पार्किन्सनसारखी लक्षणं घेऊन पंचेचाळिशीचा माणूस आला, तर तो वेल्डिंग करतो का, खनिज दळायच्या जागी होता का, हे नागपूरच्या डॉक्टरनं तरी विचारलंच पाहिजे.

पूर्वी आमच्याकडे 'इंडस्ट्रियल व्हिजिट' नावाचा प्रकार व्हायचा. बसनं एका मोठ्या कारखान्यात जायचं. सेफ्टी ऑफिसर प्रेझेंटेशन देणार, हेल्मेट घालून एका स्वच्छ शेडमधून फिरवणार, चहा-समोसा, ग्रुप फोटो. मुलांनी ज्या कामाबद्दल शिकायला हवं ते त्या शेडमध्ये नसायचंच. ते मागच्या बाजूला ठेकेदाराकडे असायचं. मी ते बंद करून घेतलं असं नाही, विद्यापीठाला लॉगबुकात भेट लागते. पण आता भेटीची सुरुवात मी हॉस्पिटलच्या आतच करते.

आमचं हॉस्पिटल हाच एक मोठा कारखाना आहे. लाँड्रीत रक्ताळलेल्या चादरी झटकताना सुया सापडतात. किचनमध्ये मे महिन्यात भट्टीसमोर उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या मावशी आहेत. पॅथॉलॉजीत फॉर्मॅलिन आहे, म्हणजे अवयव आणि मृतदेह टिकवायचं फॉर्माल्डिहाइडचं द्रावण. आणि फॉर्मॅलिन म्हटलं की मी मुलांना त्यांचा पहिला दिवस आठवायला लावते. ॲनाटॉमी हॉलमध्ये डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक झोंबत होतं, आणि सीनिअर म्हणाले होते की सवय होईल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तुम्ही महिनोन्महिने ते हुंगलं. हॉलमधला एक्झॉस्ट चालू होता का? कोणी विचारलं होतं का? तिथे वीस वर्षं काम करणारा अटेंडंट आहे, त्याला कधी विचारलंत का की दादा, तुम्हाला काय होतं?

हे ऐकल्यावर वर्ग शांत होतो. विषय आपल्या स्वतःच्या अंगाचा आहे हे तेव्हा कळतं. मग सुईचा मुद्दा. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली आणि लस घेतलेली नसेल तर धोका साधारण ३० टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सीचा ३ च्या आसपास, एचआयव्हीचा ०.३. म्हणजे ज्याची सगळ्यांना भीती वाटते त्याचा धोका सर्वांत कमी आणि ज्याची लस हाताशी आहे त्याचा सर्वांत जास्त. तीनही डोस झालेत का, हात वर करा म्हटलं की दर वर्षी काही हात खालीच राहतात. त्यांना मी त्याच दुपारी लसीकरणाला पाठवते, पुढचं लेक्चर बुडलं तरी चालेल. सुई टोचली तर लपवू नका, एचआयव्हीची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, हे मी रागावून सांगते, कारण सीनिअर ओरडतील या भीतीनं मुलं लपवतात.

हॉस्पिटल झालं की बाहेर. सकाळी ठिय्यावर. शहरात अनेक चौकांत मजूर पहाटेपासून काम मिळायची वाट बघत उभे असतात, तिथे. मे महिन्यात नवतपा सुरू व्हायच्या सुमारास मी मुलांना मुद्दाम नेते. पुस्तकात उष्माघाताचं तापमान, बर्फाचं पाणी, सगळं आहे. ठिय्यावर कळतं ते वेगळं. उन्हाची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत लागते, म्हणून गावाहून परवा आलेला आणि आज पहिल्यांदा स्लॅबवर चढलेला पोरगा सगळ्यात धोक्यात असतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं, अशी अमेरिकेतल्या निओश या संस्थेची शिफारस आहे. ठिय्यावरच्या मुकादमाला आमच्या एका विद्यार्थ्यानं ती सांगितली. मुकादम म्हणाला, "पयल्या दिवशी अर्धा रोज देऊ का त्याले?" विद्यार्थ्याजवळ उत्तर नव्हतं, माझ्याजवळही नव्हतं. त्या प्रश्नावर आम्ही परत येताना बसमध्ये बोलत राहिलो. शेवटी मुलांचंच एकमत झालं की पूर्ण रोज देऊन सावलीतलं काम देता येतं. रेती चाळणं, सळ्या मोजणं, असलं काही.

बायकांशी बोलताना मी मुलींना पुढे करते. "ताई, पाणी किती पिता?" असं विचारलं की उत्तर येतं, "पिते न बाप्पा." मग हळूच विचारायचं, "कामाच्या जागी संडास-बाथरूमला जायची सोय आहे का?" नसते. म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या पाणीच पीत नाहीत. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत. लघवीची जळजळ घेऊन ओपीडीत आलेल्या त्या बाईला आपण गोळ्या लिहून देतो आणि भरपूर पाणी प्या असं सांगतो. बांधकामावरचा संडास हे इथलं औषध आहे, हे एका मुलीनं तिच्या लॉगबुकात लिहिलं होतं. मी त्याखाली सही केली आणि ते पान वर्गात वाचून दाखवलं.

'हाऊसवाइफ' लिहिलेल्या बायकांची कथा याहून अवघड. कामठीकडून, भंडाऱ्याकडून आलेल्या बाईला "काम करता का?" विचारलं तर ती सरळ सांगते, "नाही जी, घरीच राहते." घरी बसून ती दिवसभर विड्या वळते, तंबाखूच्या धुळीत, मान खाली घालून, आणि मांडीवर बाळ असतं. तिच्या लेखी ते काम नाही, घरचंच आहे. म्हणून प्रश्न बदलावा लागतो. "घरी बसून काही करता का, ज्याचे पैसे येतात?"

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो लोकांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. त्या साली कपाशी खूप उंच वाढली होती, पंप डोक्याच्या वर धरून फवारावं लागत होतं, आणि ते अंगावर पडत होतं. अनेक जण स्वतःच्या शेतात नव्हते, रोजानं फवारायला गेले होते. म्हणजे केसपेपरवर पुन्हा मजुरी. माझ्या वर्गात दर वर्षी त्या भागातली मुलं असतात आणि या विषयाला ती माझ्याहून जास्त बोलतात. पंप कसा पाठीवर गळतो, दोन-तीन औषधं एकत्र कशी कालवतात, हातानं कसं ढवळतात. मी त्यात फक्त वैद्यक घालते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात का, लाळ, घाम, जुलाब आहेत का, ॲट्रोपिन हा उतारा कसा आणि कुठपर्यंत द्यायचा. आणि सगळ्यात आधी कपडे काढा, साबणपाण्यानं धुवा, कारण ओला शर्ट अंगावर आहे तोवर विष आत जातच राहतं. नातेवाइकांना डबा घेऊन या म्हणावं. ही लक्षणं आणि हा उतारा ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांचा, पण सगळीच कीटकनाशकं त्या जातीची नसतात, डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय उपचार अंदाजानं होतात.

परीक्षेतही मी थोडा बदल करून घेतलाय. आमच्या अंतर्गत परीक्षेच्या एका स्टेशनवर एक ज्युनिअर रेसिडेंट रुग्ण होऊन बसतो. त्याला सूचना एवढीच, 'मजुरी करतो जी' म्हणायचं आणि नीट विचारल्याशिवाय पुढे एक शब्द द्यायचा नाही. पाच मिनिटांत विद्यार्थ्याला खऱ्या कामापर्यंत पोचायचं असतं. गुण निदानाला नाहीत. हातात काय धरता हे विचारलं का, हवेत काय उडतं ते विचारलं का, याआधी कोणकोणती कामं केली, सोबतच्यांना असाच त्रास आहे का, सुटीच्या दिवशी बरं वाटतं का. या शेवटच्या प्रश्नावर मी फार जोर देते. जिनिंगच्या, सूतगिरणीच्या कामगाराला आठवडी सुटीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि पुढच्या दिवसांत त्रास कमी होतो, ही बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची, सुरुवात. एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झालेल्या या शहरात, चहूबाजूंनी कापूस पिकणाऱ्या या मुलखात, तो प्रश्न सुटता कामा नये.

मेडिसिनच्या एका युनिटनं आता माझं ऐकून केसपेपरवर व्यवसायाच्या एका ओळीच्या जागी तीन ओळी केल्या आहेत. सध्या काय काम, आधीची कामं, आणि दिवसभर नेमकं काय करता. इंटर्नना ते सुरुवातीला ओझं वाटलं, अजूनही रात्रीच्या ॲडमिशनला तिसरी ओळ कोरी राहते. पण भरलेले पेपर वाचताना मला माझं शहर दिसतं. 'कळमन्याच्या मार्केटात मिरचीची पोती उचलतो, शिंका आणि डोळे.' 'जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढतो, घरामागेच.' या दुसऱ्या माणसाच्या तीन लेकरांच्या रक्तातलं शिसं तपासायला पाठवायचं असं एका इंटर्ननं स्वतःहून ठरवलं, माझ्याकडे फक्त सही मागायला आली.

आता नव्या बॅचची पोस्टिंग पुढच्या महिन्यात लागतेय आणि मला जागा हव्या आहेत. मोठे कारखाने नकोत. वेल्डिंगचं दुकान, बॅटरीचं वर्कशॉप, ग्रॅनाइट कापणारे, स्प्रे पेंटिंग करणारे, छोटी फौंड्री, वीटभट्टी. नागपूर आणि कामठी, हिंगणा, बुटीबोरी या बाजूला कोणी असे ओळखीचे असतील आणि सकाळी नऊ ते अकरा चार-पाच मुलांना बाजूला उभं राहू देतील, तर मला जरूर कळवा. मुलं फोटो काढणार नाहीत, दुकानाचं नाव लिहिणार नाहीत, कोणाकडे तक्रार घेऊन जाणार नाहीत. कामगारांचा बीपी आणि शुगर तपासून देतील, कानाची तपासणीही आम्ही कॉलेजात मोफत करून देऊ. फक्त काम चालू असताना येऊ द्या. त्या दिवसापुरता झाडून-पुसून ठेवलेला वर्कशॉप दाखवू नका.